तिचं वय आठच होतं

हुशार मुलाला पहिला धोका त्याच्या कौतुकाचाच असतो. अभ्यासात मागे पडणाऱ्या, हट्टी, खोडकर मुलाकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष जातं. हुशार मुलाला मात्र ‘त्याचं काय, त्याचं छानच चाललंय’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि पाहुणे आले की तेवढं त्याला बाहेरच्या खोलीत बोलावलं जातं. माझ्या लेकीच्या बाबतीत हे मी फार जवळून पाहिलं. ती आता नववीत आहे, हसतेखेळते, जेवते, भांडते. मधली काही वर्षं तशी नव्हती. आज ज्यांच्या घरात असं चार-पाच वर्षांचं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी नर्स आहे. आम्ही वर्ध्याजवळ सावंगी (मेघे)ला राहतो, मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटलच्या आधाराने जी वस्ती वाढली तिथे. भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि ओळीने औषधांची दुकानं. लेक अक्षरं शिकली ती या दुकानांच्या पाट्यांवरून. शाळेत नाव घालायच्या आधीच ती पाट्या वाचायची, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून ‘आई, ही उद्या विष होणार का?’ असं विचारायची. पाढे तिने पाठ केलेच नाहीत, कसे बनतात ते तिला दिसायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, “सिस्टर, तुमची पोरगी त डॉक्टरच होते पाहा.” मलाही ऐकायला गोड वाटायचं. कुठल्या आईला वाटणार नाही?

मग शाळेला तिचा शोध लागला. ती तिसरीत असताना एका शिक्षकांनी तिला सातवीच्या वर्गात नेलं, फळ्यावर अपूर्णांकांचं गणित घातलं आणि सोडवायला लावलं. तिने सोडवलं. “बघा, तिसरीतल्या पोरीला येतं, तुम्हाला येत नाही,” असं म्हणून त्या मोठ्या मुलांना खाली मान घालायला लावली. हे मग वरचेवर होऊ लागलं. घरी आम्हाला कळलं ते बक्षिसासारखं, शाळेत केवढा मान मिळतो म्हणून. मधल्या सुट्टीत काय होत होतं ते कळायला वेळ लागला. सातवीची मुलं तिला ‘ए कॅल्क्युलेटर’ म्हणून हाक मारत, आणि मोठ्यांनी टाकलेल्या मुलीशी तिच्या वर्गातल्यांनीही बोलणं कमी केलं. डबा ती पायरीवर एकटी खायची.

त्याच सुमारास एका खासगी क्लासने तिला फुकट प्रवेश दिला. फी नाही म्हटल्यावर आम्ही नाही कशाला म्हणू? थोड्याच दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, त्यावर तिचा फोटो. फुकट काय होतं आणि किंमत कशाची होती, ते त्या फ्लेक्सखाली उभं राहिल्यावर ध्यानात आलं. रविवारी परीक्षा, सुट्टीच्या दिवशी परीक्षा. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशीही ठेवली. आमच्या जिल्ह्यात तान्ह्या पोळ्याचं केवढं वेड आहे ते वेगळं सांगायला नको, सिंदी रेल्वेचा तर दूरवर प्रसिद्ध. लाकडी बैलाला झूल घालून, बेगड लावून लेकीने आदल्या दिवशीच सजवून ठेवला होता. क्लासचा फोन आला, ती परीक्षेला गेली, बैल कपाटावर राहिला. रात्री तिने मला विचारलं, “आई, माझं बैल न्यायचं वय गेलं का?”

तिचं वय आठ होतं.

पोटदुखी सुरू झाली ती त्यानंतर. सकाळी दुखायचं, दुपारी थांबायचं. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. हॉस्पिटलात वर्षानुवर्षं काम केल्यावर एक सवय लागते, कधी दुखतं आणि कधी दुखत नाही हे दोन्ही लिहून ठेवायची. दिवाळीत मामाकडे आर्वीला गेल्यावर तिचं पोट एकदाही दुखलं नाही. तिथे सगळी मामेभावंडं, शेतात हिंडणं, आणि कुणी गणित घालत नव्हतं. बालरोगतज्ज्ञांनी मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. हा टप्पा पुष्कळ आईबाप टाळतात, ‘आमच्या पोरीला काय वेड लागलंय का’ म्हणून. टाळू नका. सोमवारची पोटदुखी, नखं खाणं, झोपेत दचकणं, एका मार्कासाठी वही फाडणं, यातलं काहीही महिनाभर टिकलं तर दाखवावं.

तिथे बुद्धिमत्ता चाचणी झाली. आपल्याकडे मुलांसाठी बरीच वापरली जाणारी एक चाचणी मालिन यांची म्हणून ओळखतात. अमेरिकेतल्या वेक्सलर यांच्या चाचणीचं हे भारतीय रूप नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ साली आणलं. सहा ते पंधरा वयापर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. आपल्या नागपुरात घडलेली ही गोष्ट आपल्यालाच फारशी ठाऊक नसते. या चाचणीत दोन बाजू असतात. एक बोलून उत्तरं द्यायची: माहिती, साम्य ओळखणं, शब्दांचे अर्थ, तोंडी गणित, आकडे लक्षात ठेवणं. दुसरी हाताने करायची: ठोकळ्यांची नक्षी, चित्रातला अपुरा भाग, चक्रव्यूह, खुणा भराभर उतरवणं.

पालकांनी एक गोष्ट नक्की करावी. बुद्ध्यांकाचा एकटा आकडा घेऊन घरी येऊ नये, प्रत्येक भागातले गुण समजावून मागावेत. आमच्या लेकीची बोलायची बाजू वयाच्या कितीतरी पुढे होती, आणि खुणा भराभर उतरवण्यात ती बरोबर आठ वर्षांचीच होती. एवढ्या एका गोष्टीने शाळेच्या दोन वर्षांच्या तक्रारी उलगडल्या. ‘तोंडी सगळं येतं, पण वही अपुरी’, ‘लिहायचा कंटाळा’, ‘मुद्दाम करते’. मुद्दाम नव्हतं. डोकं पुढे पळायचं आणि हात मागे राहायचा. वाचनाची किंवा लेखनाची खरीखुरी अडचणही हुशारीखाली लपून राहू शकते. मूल अंदाजाने वेळ मारून नेतं, मार्क बरे पडतात, म्हणून कुणी पाहतच नाही. म्हणून चाचणी करायची ती मूल किती मोठं आहे हे मोजायला नाही, ते कुठे लहान आहे हे बघायला.

या उंचसखल वाढीला विषम विकास म्हणतात. १९९१ साली अमेरिकेत काही पालक, शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञांनी एकत्र बसून बुद्धिमान मुलांची व्याख्याच या शब्दांत केली: अशा मुलाची समज, भावना आणि शरीर एका चालीने चालत नाहीत. घरात हे कसं दिसतं ते सांगते. सूर्य कधीतरी विझणार हे लेकीने सातव्या वर्षी कुठल्याशा पुस्तकात वाचलं. पाच अब्ज वर्षं बाकी आहेत हेही वाचलं. तरी रात्री झोपेना. तिच्या डोक्याला उत्तर मिळालं होतं, पण सात वर्षांच्या जिवाला आईची कूस हवी होती. इथे अ‍ॅम्ब्युलन्सचे आवाज रात्रभर येतात. आत कोण असेल, वाचेल का, हे ती विचारायची, आणि तिचे प्रश्न मोठ्या माणसाचे असायचे म्हणून आम्ही उत्तरंही मोठ्या माणसासारखी द्यायचो. आता मला वाटतं, उत्तर खरं आणि थोडक्यात द्यावं, मग दिवा मालवून तिच्याजवळ पडून राहावं. घरातली पैशाची ओढाताण, सासर-माहेरची भांडणं, माझ्या वॉर्डातले मृत्यू, हे तिला ‘सगळं समजतं’ म्हणून तिच्यापुढे बोलणं आम्ही बंद केलं. समजतं म्हणून सोसतं असं नाही.

गाण्याच्या क्षेत्रातलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी. लहानपणीच तो मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचा, लोक थक्क व्हायचे, ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्या वयातच मिळाली आणि जलसे सुरू झाले. असंच चालत राहिलं असतं तर नक्कल करणारा एक आश्चर्यबालक एवढीच त्याची ओळख राहिली असती. पण १९३६ च्या सुमारास तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आला आणि पहिल्यापासून, पद्धतशीर शिकला. नंतर क्षयाच्या आजाराने वर्षानुवर्षं गाणं थांबलं, देवासला अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं कानावर पडली, आणि त्यातून जे गाणं आलं ते कुणाच्याच रेकॉर्डीत नव्हतं. लोक वाहवा करत असताना मुलाला परत विद्यार्थी करणारा गुरू मिळणं, हे केवढं भाग्य. सगळ्यांना देवधर मिळत नाहीत. पण वाहवा कमी करून शिकणं वाढवणं हे घरातही करता येतं.

आम्ही सुरुवात इथूनच केली. क्लास बंद केला, फ्लेक्स उतरवायला सांगितला. शाळेत जाऊन शांतपणे बोललो, की तिला दुसऱ्या वर्गात दाखवायला नेऊ नका. नातेवाइकांना सांगितलं की घरी आल्यावर तिला सतरा गुणिले तेवीस विचारू नका, मांजर कुठंय ते विचारा. काहींना राग आला. राहू द्या. मूल कुणाचं मनोरंजन करायला जन्माला आलेलं नाही.

मग दुसरी आणि जास्त अवघड गोष्ट: तिला न जमणारं काहीतरी हवं होतं. ज्या मुलाला पाचवी-सहावीपर्यंत सगळं पहिल्या फटक्यात येतं, त्याला अडखळल्यावर काय करायचं हेच माहीत नसतं. आठवी-नववीला गणित खरोखर अवघड होतं, तेव्हा शेजारचं मध्यम मूल रात्री बसून ते सोडवतं, आणि हुशार मूल वही मिटतं, कारण अडणं म्हणजे आपण हुशार नाही असा त्याचा समज झालेला असतो. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचवीच्या वयाच्या मुलांना सोपी कोडी दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले गुण सांगताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी चक्क वाढवून सांगितले. हे वाचल्यावर मी ‘हुशार’ हा शब्द घरातून हद्दपार केला. ‘कसं केलंस ते दाखव’ असं म्हणते. ती रंगून सांगते, आणि कधीकधी सांगतानाच तिला चूक सापडते.

न जमणारं काम आम्हाला सेवाग्रामला सापडलं. तिथे ती पहिल्यांदा चरख्यावर बसली आणि सूत तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. डोक्याचा काहीच उपयोग होईना. हातालाच शिकावं लागलं, आणि हात सावकाश शिकतो. ती रडली, चिडली, पण पुन्हा जायचं म्हणाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवण्याची नई तालीम आकाराला आली. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती सेवाग्रामात चालवली. २००५ पासून तिथे आनंद निकेतन शाळाही त्या वाटेवर चालते आहे. आपल्याला वाटतं, नई तालीम म्हणजे गरिबाच्या मुलांना सूत कातायला लावायचं. मला तर वाटतं, भराभर समजणाऱ्या मुलांना तिची जास्त गरज आहे. अभ्यास बुडेल अशी भीती असेल त्यांनी एवढं आठवावं, की डॉ. अभय बंग याच नई तालीमच्या शाळेत शिकले. पुढे ते डॉक्टर झाले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि गडचिरोलीतल्या नवजात बाळांचे जीव वाचवण्याची पद्धत जगाला दिली.

चरखाच हवा असं नाही. तबला, पोहणं, मातीकाम, बुद्धिबळ, काहीही चालेल. अट एकच, की तिथे पहिल्या दिवशी सगळे सारखे कच्चे असावेत. बुद्धिबळाबद्दल एक सांगते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्याकडेही घरोघरी पट निघाले. चांगलंच आहे. पण आईबाप तिची ट्रॉफी बघतात. मी मुलांना सांगते की त्या खेळात हरलं की रेटिंग उघडपणे कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी तरीही पटावर बसावं लागतं. लहान वयात ते शिकवणारे खेळ फार थोडे आहेत.

वर्ग ओलांडण्याचा प्रश्न आमच्यापुढेही आला, ‘एकदम पाचवीत घालू’ म्हणून. शिक्षण हक्क कायद्याचा रोख वयाप्रमाणे वर्ग असावा असाच आहे, पण प्रश्न नुसता कायद्याचा नव्हता. काही मुलांना पुढचा वर्ग खरंच मानवतो, विशेषतः ज्यांचे मित्र आपसूकच मोठ्या वयाचे असतात आणि ज्यांचा लिहायचा हातही पुढे असतो. आमच्या लेकीचं दोन्ही नव्हतं. म्हणून वर्ग तोच ठेवला आणि गणित पुढचं दिलं. वर्गातली उदाहरणं संपली की पिशवीतलं सातवीचं पुस्तक काढायचं, एवढी मुभा मागितली. पुढच्या वर्षी आलेल्या बाईंनी ती आनंदाने दिली, त्यांचे उपकार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना शिक्षकांनी जादा साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे. शाळेत बोलताना त्याचा आधार जरूर घ्या, पण भांडायला नव्हे.

परीक्षांबद्दल मला कुणी विचारलं तर सांगते, द्याव्यात, पण त्यांचं काम ओळखून. शिष्यवृत्ती परीक्षेने सराव होतो. सहावी आणि नववीसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मला आवडली, कारण तिच्यात प्रयोग आणि स्वतः करायचा प्रकल्प असतो. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ती घेतं. खेड्यातल्या, पैशाची अडचण असलेल्या घरातल्या मुलासाठी सेलूकाट्याचं जवाहर नवोदय विद्यालय ही फार मोठी सोय आहे, राहणं-खाणं-शिकणं मोफत. सहावीचा प्रवेश परीक्षेवर असतो. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी डॉ. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली बुद्धिमान मुलांसाठीच सुरू केली. ज्यांना पुण्याला राहणं शक्य आहे त्यांनी चौकशी करावी. पण दहा वर्षांच्या मुलाला घरापासून दूर ठेवायचं की नाही, हे प्रवेशपत्र हातात आल्यावर ठरवू नये, फॉर्म भरायच्या आधी मुलाशी बोलून ठरवावं. आणि निवड झाली नाही तर घरात सुतक पाळू नये. लुई टर्मन यांनी १९२१ पासून अमेरिकेत बुद्ध्यांकावर निवडलेल्या सुमारे दीड हजार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्यांच्या चाचणीत जी मुलं निवडीपुरते गुण मिळवू शकली नाहीत, त्यांच्यात विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

डॉक्टरकीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण सावंगीत राहून ते टळत नाही. पांढरा कोट रोज डोळ्यांसमोरून जातो, म्हणून इथे हुशारीची दुसरी वाटच लोकांना सुचत नाही. सहावीपासून नीटचा पाया, दहावीनंतर अकोला, लातूर किंवा कोटा. कोर्स चांगला, पेशा त्याहून चांगला, मी तो रोज बघते. पण बारा वर्षांच्या मुलाचं कुतूहल एका परीक्षेच्या साच्यात कोंबलं की आधी मरतं ते कुतूहलच. इथल्या हॉस्पिटलला ज्या विनोबांचं नाव आहे, ते गणितात मोठे तेज होते, आणि त्यांनी १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघून मधेच काशीची गाडी धरली, त्याआधी प्रमाणपत्रंही चुलीत घातली होती. तसं करा असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच, की बुद्धिमान मूल आपल्या मनाने वळू शकतं, आणि त्याला वळायला जागा ठेवावी.

शेवटचं, आणि हे सहसा कुणी लिहीत नाही: दुसरं मूल. आमचा धाकटा तीन वर्षांनी लहान आहे. साधा, मजेशीर, वर्गात मधला. ‘ताईसारखा नाही का तू?’ हे वाक्य त्याने शाळेत, लग्नांत, दवाखान्यात सगळीकडे ऐकलं. एकदा तो मला म्हणाला, “आई, ताई हुशार आहे, मग मी कोण आहे?” तेव्हापासून दोन नियम केले. निकालाच्या दिवशी दोघांच्या प्रगतिपुस्तकांवर एकत्र बोलायचं नाही. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ माझी आणि त्याची, ताई नाही. ड्यूटी असेल तर दिवस बदलतो, संध्याकाळ चुकत नाही. आम्ही बहुतेक वेळा सायकलचं काहीतरी खोलून बसतो. त्यातलं मला काही कळत नाही, तो समजावून सांगतो. लेक दारातून विचारते, मी येऊ का? तो म्हणतो, थांब, आमचं व्हायचंय. आणि ती थांबते.